संघीय न्यायालये : मर्यादित अधिकार, शेवटचा शब्द

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाविषयी एक आदेश काढला. आई तात्पुरत्या व्हिसावर किंवा कागदपत्रांविना राहत असेल आणि वडील अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर अशा जोडप्याच्या यापुढे तिथे जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ही बातमी थेट लागू होत होती. तीनच दिवसांनी सिएटल शहरातल्या एका जिल्हा न्यायाधीशांनी या आदेशाची अंमलबजावणी थांबवली. राष्ट्राध्यक्षांचा हुकूम एक जिल्हा न्यायाधीश कसा काय थांबवू शकतो, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. भारतात केंद्र सरकारचा आदेश घटनाबाह्य ठरवून घ्यायचा असेल तर निदान उच्च न्यायालय गाठावे लागते. जिल्हा न्यायालयाला तो अधिकार नाही.

सिएटलचे ते न्यायालय वॉशिंग्टन राज्याचे नव्हते, हे या प्रश्नाचे पहिले उत्तर. ते संघराज्याचे, म्हणजे साऱ्या अमेरिकेचे न्यायालय होते. अशा न्यायालयांना संघीय न्यायालये म्हणतात. त्यांच्यापुढे येणाऱ्या खटल्यांचे प्रकार मोजके असतात. पण जो खटला त्यांच्या कक्षेत बसतो, त्यात राज्य सरकार असो की राष्ट्राध्यक्ष, सर्वांना त्यांचा निकाल मानावा लागतो. ही रचना कशी आहे आणि ती कशासाठी केली गेली, हे क्रमाने पाहणे उपयोगाचे आहे.

१. दोन सरकारे, दोन न्यायव्यवस्था

अमेरिकेत प्रत्येक माणूस एकाच वेळी दोन सरकारांच्या अमलाखाली राहतो. एक त्याच्या राज्याचे, दुसरे संघराज्याचे. दोन्ही सरकारे आपापले कायदे करतात, आपापले कर घेतात आणि आपापली न्यायालये चालवतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला न्यू जर्सीची न्यायालयेही लागू असतात आणि संघीय न्यायालयेही.

भारताची व्यवस्था वेगळी आहे. इथेही केंद्र आणि राज्ये असे दोन स्तर आहेत, पण न्यायव्यवस्था एकच आहे. साताऱ्याचे न्यायालय संसदेने केलेला कायदाही लावते आणि महाराष्ट्र विधिमंडळाने केलेला कायदाही. तिथून मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जाणारी वाट एकच असते. अमेरिकेत मात्र अशा दोन वाटा शेजारून चालतात आणि ठरावीक ठिकाणीच एकमेकींना मिळतात.

सगळे मोठे खटले संघीय न्यायालयात चालतात, हा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. अमेरिकेतले बहुसंख्य खटले राज्यांच्याच न्यायालयांत निकाली निघतात. घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, घरभाडे, चोरी, मारामारी, खून हा सारा रोजचा न्यायव्यवहार मुख्यतः राज्यांकडे आहे.

२. गरज का पडली

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे अमेरिकेतली तेरा राज्ये एका सैलसर कराराने बांधलेली होती. त्या करारात राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती. त्यातून निर्माण होणारी अडचण गावच्या उदाहरणाने कळते. एका ओढ्याच्या पाण्यावरून दोन गावांत तंटा पडला आणि निवाडा त्यांतल्याच एका गावच्या पंचांकडे सोपवला, तर ते पंच कितीही सचोटीचे असले तरी दुसऱ्या गावाचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. तिथे दोन्ही गावांबाहेरचा पंच लागतो.

१७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेने असा पंच नेमला. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात एका सर्वोच्च न्यायालयाची तरतूद आहे. त्याखालची न्यायालये किती असावीत आणि कशी असावीत, हे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. २४ सप्टेंबर १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने काँग्रेसने हा सांगाडा भरला. सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायाधीश आणि खाली तेरा जिल्हा न्यायालये, अशी सुरुवात झाली. जॉन जे पहिले सरन्यायाधीश झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये न्यायालयाची पहिली बैठक न्यूयॉर्कमध्ये भरली.

३. कोणता खटला कुठे चालतो

संघीय न्यायालयात जाण्यासाठी खटल्याला ठरावीक दारांपैकी एका दारातून आत यावे लागते. त्यांतली मुख्य दारे चार.

पहिले दार कायद्याच्या प्रश्नाचे. वाद अमेरिकेची राज्यघटना, काँग्रेसचा कायदा किंवा परदेशाशी झालेला तह यांतून उभा राहिला असेल, तर तो संघीय न्यायालयात चालू शकतो. पेटंट, दिवाळखोरी आणि संघीय गुन्हे यांसारखे काही विषय तर फक्त संघीय न्यायालयांसाठीच राखलेले आहेत.

दुसरे दार पक्षकारांच्या वेगवेगळ्या राज्यांचे. वादी एका राज्याचा, प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा आणि वादातली रक्कम ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त असेल, तर साध्या अपघाताचा किंवा कराराचा दावाही संघीय न्यायालयात नेता येतो. परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक पक्षपाताची धास्ती राहू नये, हा त्यामागचा हेतू. निवाडा मात्र राज्याच्या कायद्यानेच करावा लागतो. १९३८ च्या ईरी रेलरोड खटल्यापासून हा नियम पक्का आहे.

तिसऱ्या दारातून खुद्द अमेरिकेचे सरकार पक्षकार म्हणून येते, तर चौथ्यातून राज्याराज्यांमधले वाद.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. टेक्सासमध्ये मोटार चोरली आणि चोर टेक्सासमध्येच पकडला गेला, तर खटला टेक्सासच्या न्यायालयात चालतो. चोरीची आहे हे ठाऊक असूनही त्याने तीच मोटार सीमेपलीकडे ओक्लाहोमात नेली, तर तो संघीय गुन्हाही ठरतो. एच-१बी व्हिसाचा अर्ज बेकायदा रीतीने नाकारला गेला असे कंपनीला वाटले, तर ती संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागते. त्याच कंपनीतल्या जोडप्याचा घटस्फोट मात्र राज्याच्या न्यायालयात होतो.

एक सावधगिरीची बाबही इथे सांगायला हवी. हद्दपारीची प्रकरणे जिथे चालतात, त्या स्थलांतरितांच्या न्यायालयांना न्यायालय म्हटले जात असले तरी ती न्यायशाखेचा भाग नाहीत. ती अमेरिकेच्या न्याय खात्याच्या, म्हणजे सरकारच्याच हाताखाली चालतात. तिथला निर्णय त्याच खात्याच्या अपील मंडळाकडे जातो आणि त्यानंतरच खऱ्या अर्थाने संघीय असलेल्या अपील न्यायालयाचे दार उघडते.

४. तीन पायऱ्या

संघीय न्यायव्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खाली ९४ जिल्हा न्यायालये. साक्षी-पुरावे इथे नोंदवले जातात आणि ज्युरीही इथेच बसते. लहान राज्यात एकच संघीय जिल्हा असतो. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात चार आहेत.

मधली पायरी १३ अपील न्यायालयांची. देशाचे प्रादेशिक विभाग पाडले आहेत आणि त्यांना सर्किट म्हणतात. पूर्वी न्यायाधीश घोड्यावरून किंवा बग्गीतून गावोगाव फिरून न्यायदान करत, त्या फेरीवरून हे नाव पडले. स्वतंत्र अपील न्यायालये १८९१ च्या कायद्याने आली. इथे साधारणपणे तीन न्यायाधीशांचे पीठ बसते. ते नव्याने साक्षी घेत नाही. खालच्या न्यायालयाने कायदा बरोबर लावला का, हे मुख्यतः तपासते. तेरांपैकी एक न्यायालय विभागावर नव्हे तर विषयावर आधारलेले आहे. १९८२ पासून देशभरातल्या पेटंट खटल्यांची अपिले त्याच्याकडे जातात.

सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय. १८६९ पासून तिथे नऊ न्यायाधीश आहेत. दरवर्षी हजारो अर्ज येतात, पण नऊपैकी चौघांना एखादे प्रकरण ऐकण्याजोगे वाटले तरच ते सुनावणीला घेतले जाते. अशी पूर्ण सुनावणी वर्षाला शंभराहूनही कमी प्रकरणांची होते. त्यामुळे बहुतेक पक्षकारांच्या दृष्टीने अपील न्यायालयाचा शब्दच शेवटचा ठरतो.

या पायऱ्यांचे महत्त्व दोन भारतीयांच्या खटल्यांतून दिसते. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. त्या काळच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शकत होते. १९२० साली ओरेगनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने थिंद यांना नागरिकत्व दिले. ते रद्द करावे म्हणून सरकार न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने कायद्याचा प्रश्न वर पाठवला आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, सामान्य समजुतीनुसार थिंद हे गोरे नव्हेत.

या निकालाच्या आधारे सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावे लावले. त्यांत लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित होते. सर्वोच्च न्यायालयात थिंद यांची बाजू त्यांनीच मांडली होती. त्यांना १९१४ साली नागरिकत्व मिळाले होते. पंडित यांनी लढा सोडला नाही. जिल्हा न्यायालयात ते जिंकले. १९२६ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही, १९१४ चा निकाल अंतिम झाला असून तो आता उकरून काढता येणार नाही, असे ठरवले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायला घेतले नाही. ज्या व्यवस्थेने थिंद यांच्यावर अन्याय केला, तिच्याच एका पायरीवर पंडित यांचे नागरिकत्व वाचले.

५. कायदा घटनेच्या कसोटीवर

काँग्रेसने केलेला कायदा घटनेशी विसंगत असेल तर तो न्यायालयाने रद्दबातल ठरवावा, असे अमेरिकेच्या घटनेत स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेले नाही. हा अधिकार १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यातून प्रस्थापित झाला.

राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी पद सोडताना घाईघाईने काही नेमणुका केल्या. त्यांतले विल्यम मार्बरी यांचे नेमणूकपत्र सही-शिक्क्यानिशी तयार होते, पण ते पोहोचायचे राहिले. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ते दिले नाही. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यापुढे पेच होता. पत्र द्या म्हणावे आणि सरकारने ऐकू नये, तर न्यायालयाची पत जाणार. दावा नुसता फेटाळावा, तर न्यायालय भ्याले असे दिसणार. मार्शल यांनी निकाल दिला की मार्बरी यांचा हक्क खरा आहे, पण ज्या कायद्याने त्यांना थेट या न्यायालयात येता येते तो कायदाच घटनाविरोधी आहे. न्यायालयाने हातातला छोटा अधिकार सोडला आणि कायद्याची घटनात्मकता तपासण्याचा फार मोठा अधिकार मिळवला. सरकारला पाळायला कोणताही हुकूम दिलेला नसल्याने तो मोडण्याचा प्रश्नच उरला नाही.

या अधिकाराला एक अट जोडलेली आहे. न्यायालयापुढे खरा वाद असला पाहिजे आणि वादीला प्रत्यक्ष झळ पोहोचलेली असली पाहिजे. १७९३ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सरकारने युरोपातल्या युद्धात तटस्थ राहण्याविषयी काही कायदेशीर प्रश्न न्यायाधीशांना विचारले. न्यायाधीशांनी सल्ला द्यायला नम्रपणे नकार दिला. भारतात राष्ट्रपती घटनेच्या अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात. अमेरिकेत तशी सोय नाही. संघीय न्यायालय स्वतःहून बोलत नाही. कोणीतरी तक्रार घेऊन यावे लागते.

६. राज्य आणि राष्ट्र, राज्य आणि राज्य

संघराज्यात सीमारेषेवरून भांडणे होणारच. १८१९ च्या मॅकलक विरुद्ध मेरिलँड खटल्यात मेरिलँड राज्याने राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर लावला होता. काँग्रेसला बँक काढण्याचा अधिकार आहे आणि राज्याला कराच्या वाटेने राष्ट्राच्या संस्थेचा गळा आवळता येणार नाही, असा निकाल मार्शल यांनी दिला. त्याआधी १८१६ साली, राज्याच्या न्यायालयाने राष्ट्रीय कायद्याचा लावलेला अर्थ तपासण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे ठरले होते. पहिल्या भागातल्या दोन वाटा मिळतात त्या इथे.

राज्याराज्यांमधला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात सुरू होतो. आर्कान्सॉ नदी कोलोरॅडोतून कॅन्ससमध्ये जाते. वरच्या राज्याने पाणी अडवल्याची तक्रार घेऊन कॅन्सस सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०७ च्या निकालात कॅन्ससची मागणी तेव्हा फेटाळली गेली, पण पाण्याचे वाटप दोन्ही राज्यांना न्याय्य असले पाहिजे हे तत्त्व मांडले गेले. अशा दाव्यांत साक्षी-पुरावे गोळा करायला न्यायालय एक विशेष अधिकारी नेमते.

कृष्णेच्या पाण्यावरचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचा वाद पाहिलेल्या वाचकाला इथला फरक जाणवेल. भारताच्या घटनेतल्या अनुच्छेद २६२ नुसार आणि १९५६ च्या कायद्यानुसार नदीपाण्याचे आंतरराज्य तंटे लवादाकडे जातात. १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला कृष्णा लवाद हे त्याचे उदाहरण.

७. निकाल अमलात कसा येतो

न्यायालयाकडे सैन्य नसते आणि तिजोरीही नसते. निकाल अमलात यायचा तो सरकारच्या हातून आणि लोकांच्या मान्यतेतून.

मे १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी संघीय न्यायालयाच्या आदेशानुसार शाळेत जायला निघाले, तेव्हा गव्हर्नरांनी राज्याचे सैनिक लावून त्यांना अडवले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१ वी हवाई तुकडी पाठवली आणि जवानांच्या पहाऱ्यात मुले वर्गात गेली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, त्याने घटनेचा लावलेला अर्थ राज्यांवर बंधनकारक आहे. त्या निकालपत्रावर नऊही न्यायाधीशांनी नावानिशी सह्या केल्या.

याच्या अगदी उलट उदाहरणही विसरता कामा नये. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात याच न्यायालयाने कृष्णवर्णीय लोक अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असे म्हटले. ती चूक पुसायला यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या घटनादुरुस्त्या लागल्या. अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी दुरुस्ती त्यांपैकीच एक.

मनाई हुकुमाच्या पल्ल्यालाही आता मर्यादा आली आहे. सिएटलच्या न्यायाधीशांप्रमाणे इतरही न्यायाधीशांनी नागरिकत्वाचा आदेश देशभर थांबवला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जून २०२५ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, जिल्हा न्यायाधीशाने दाद द्यावी ती दावा लावणाऱ्यांना पुरेल एवढी. साऱ्या देशासाठी सरसकट मनाई करणे बहुधा त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे. एकाच प्रकारची झळ बसलेल्या लोकांनी मिळून सामूहिक दावा लावण्याचा मार्ग खुला राहिला. मूळ आदेश घटनेला धरून आहे की नाही, यावर त्या निकालात मत दिले गेले नाही.

८. न्यायाधीशांचे स्वातंत्र्य

राष्ट्राध्यक्षांविरुद्ध निकाल द्यायचा तर न्यायाधीशाला नोकरीची भीती नसावी लागते. अमेरिकेत अनेक राज्यांचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. संघीय न्यायाधीशांना मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सेनेट मान्यता देते. त्यानंतर निवृत्तीचे वय नाही. वर्तन चांगले असेतो पद कायम आणि पगार कमी करता येत नाही.

पदावरून दूर करायचा मार्ग महाभियोगाचा. आजवर १५ संघीय न्यायाधीशांवर तो चालला आणि आठ जणांना पद गमवावे लागले. १८०५ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सॅम्युअल चेस यांना सेनेटने निर्दोष ठरवले. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाला काढायचे नसते, हा संकेत तिथून रुजला. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यायाधीशांची संख्या पंधरापर्यंत वाढवण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या काँग्रेसने तो हाणून पाडला. तरीही नेमणूक राजकीय हातांनीच होते, त्यामुळे अनेक नेमणुकांच्या वेळी मोठी झुंज होते. ही या व्यवस्थेतली खरी कमकुवत जागा आहे.

९. भारताचे फेडरल कोर्ट

भारतातही बारा वर्षांहून अधिक काळ एक संघीय न्यायालय होते. १९३५ च्या कायद्याने योजलेले संघराज्य संस्थानिकांच्या संमतीअभावी प्रत्यक्षात आले नाही, पण त्याचे फेडरल कोर्ट १ ऑक्टोबर १९३७ पासून दिल्लीत काम करू लागले. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश होते आणि त्यांच्यासोबतच्या पहिल्या दोन न्यायाधीशांपैकी एक होते मुंबईचे नामवंत विधिज्ञ मुकुंदराव जयकर. केंद्र आणि प्रांत यांच्यातले वाद सोडवणे आणि त्या कायद्याच्या अर्थाविषयीची उच्च न्यायालयांकडून येणारी अपिले ऐकणे हे त्याचे काम. त्याच्याही वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती.

अधिकार तोकडे असूनही या न्यायालयाने परकीय सत्तेला अडवले. १९४३ साली मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात त्याने भारत संरक्षण नियमांमधला २६ वा नियम, ज्याखाली माणसांना विनाचौकशी डांबून ठेवले जात होते, तो मूळ कायद्याच्या बाहेरचा म्हणून रद्द ठरवला. सरकारने लगेच वटहुकूम काढून ती पळवाट बुजवली. स्थानबद्धांची तेवढ्याने सुटका झाली नाही, पण सरकारचा हुकूमही कायद्याच्या कसोटीवर टिकला पाहिजे, ही गोष्ट पारतंत्र्यातही नोंदली गेली.

जानेवारी १९५० मध्ये फेडरल कोर्टाच्या जागी सर्वोच्च न्यायालय आले आणि फेडरल कोर्टाचे शेवटचे सरन्यायाधीश हरिलाल कनिया हेच भारताचे पहिले सरन्यायाधीश झाले. स्वतंत्र भारताने दुहेरी न्यायालयांची अमेरिकी पद्धत घेतली नाही, पण संघीय न्यायालयाचे मुख्य काम सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवले. अनुच्छेद १३१ नुसार केंद्र आणि राज्य किंवा दोन राज्ये यांच्यातला वाद थेट तिथेच सुरू होतो. बेळगाव सीमाप्रश्नावर २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा याच अनुच्छेदाखाली आहे.